फॉर्मबाई आणि आत्याचं अर्धं वाक्य

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना सगळे फॉर्मबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर बोलायची छाती फार थोड्यांची होती, आणि ज्यांची होती त्यांना ऐनवेळी काही सुचत नसे.

बावीस वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं टाइप केली. लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाचं एक. एक अक्षर चुकलं तरी कार्ड फाडायचं आणि नवं घ्यायचं. मग संगणक आले, कार्डांची लाकडी कपाटं मागच्या आवारात उन्हात जाऊन पडली, आणि आता ह्या बाईचं काय करायचं असा पेच संचालकांपुढे उभा राहिला. पक्क्या नोकरीतलं माणूस कपाटासारखं आवारात टाकता येत नाही.

आमच्या संचालकांना परिषदेहून परतताना काहीतरी घेऊन यायची सवय होती. कधी पिशवी, कधी कल्पना. पिशवी निदान उपयोगी पडायची. त्या वर्षी त्यांनी कल्पना आणली: विद्यार्थ्यांनी नुसते निबंध लिहून भागणार नाही, त्यांनी फिल्म करावी, आवाज टिपावा, चित्रं जोडून गोष्ट सांगावी, आणि त्यासाठी लागणारं सगळं ग्रंथालयानं पुरवावं. कल्पना वाईट नव्हती. ती त्यांची नव्हती, म्हणूनच वाईट नव्हती.

मग तळमजल्यावर, जिना संपतो तिथे, स्वच्छतागृहाला लागून माध्यम कक्ष उघडला. चार कॅमेरे, तीन माइक, दोन दिवे, भिंतीवर ताणलेलं हिरवं कापड, कापछाटीसाठी दोन संगणक, आणि पाच ट्रायपॉड, त्यातल्या एकाचा पाय काही केल्या जमिनीला टेकत नसे. झाडू ठेवायची खोली रिकामी करून तिच्या भिंतींना फोम चिकटवला आणि दारावर 'ध्वनिमुद्रण' अशी पाटी लावली. संचालकांनी फीत कापली, कॅमेरा उलटा धरून स्वतःचा फोटो काढून घेतला, ज्ञानाच्या नव्या दालनाबद्दल सात मिनिटं बोलले आणि वर निघून गेले. पुढची चार वर्षं त्यांचं पाऊल त्या दालनाला लागलं नाही. स्वच्छतागृहसुद्धा ते वरच्या मजल्यावरचंच वापरत.

त्या दालनात फॉर्मबाईंना बसवलं. ही शिक्षाच होती, फक्त तिला बढतीचा कागद जोडला होता. मी तेव्हा संदर्भ विभागात कारकून होतो, माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी. वरून मला खाली चाललेलं सगळं दिसायचं आणि बरंचसं ऐकूही यायचं. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, बाई महिनाभरात रडकुंडीला येतील. कॅमेऱ्याचं झाकण कुठल्या बाजूला असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

बाई रडकुंडीला आल्या नाहीत. त्यांचे यजमान दंतकारागीर. घरी खिडकीपाशी टेबल मांडून दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवत. मेण, प्लास्टर, फिरतं बारीक चाक, आणि दिवसभर घासण्याचा आवाज. बाईंनी तो आवाज माइकमध्ये भरला आणि त्याच्यावर कापछाट शिकल्या. 'अहो, जरा हळू घासा,' 'आता जोरात घासा,' 'आता मध्येच थांबा,' असं सांगून त्या गृहस्थाला त्यांनी तीन महिने जेरीस आणलं. त्यांनीही बिचाऱ्यांनी ऐकलं. तीन महिन्यांनी बाईंना एक श्वास कापून दुसऱ्या श्वासाला असा जोडता यायला लागला की कानाला सांधा सापडत नसे. सांधा सापडू नये ही केवढी जोखीम आहे, हेही त्यांना तेव्हाच कळलं असावं. कारण त्याच आठवड्यात त्यांनी तो फॉर्म टाइप केला.

एकच पान. वर लिहिलं होतं: तुमचा आवाज किंवा चित्र कशासाठी घेतलं जातंय ते तुम्हाला सांगितलं का? खाली: ते कुणी ऐकावं, कुणी बघावं? त्याच्या खाली: कापछाट करताना तुमच्या बोलण्याचा अर्थ बदलणार नाही. आणि शेवटी: दुसऱ्या कशासाठी वापरायचं झालं तर तुम्हाला परत विचारलं जाईल. सही, तारीख. दोन प्रती. एक कक्षाच्या फाइलला, एक बोलणाऱ्या माणसाच्या हातात. फॉर्मशिवाय माइक मिळत नसे. कुलगुरूंच्या पुतण्यालाही मिळाला नव्हता, आणि तो पाय आपटत वर गेला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

विद्यार्थी यायचे तेव्हा त्यांना सगळं येत असायचं. बटणं तेवढी येत नसायची.

"हे गाणं कुणाचं?" बाई विचारायच्या.

"नेटवरचं आहे, मॅडम."

"नेट तुझ्या मामाचं का?"

"सगळेच घेतात."

"सगळे नापास झाले तर तूही होशील का? ऊठ. मोकळ्या वापराचा संग्रह तिसऱ्या फोल्डरमध्ये आहे, तिथे शोध. नाही मिळालं तर स्वतः वाजव."

पावसाचा आवाज ढापून आणलेल्या एकाला त्यांनी ताटात मोहरी ओतायला लावली. चाळीस वेळा ओतल्यावर पाऊस पडला. पोरगा चिडून लाल झाला होता, पण तो पाऊस त्याच्या फिल्मच्या तीन मिनिटांत पडतच राहिला, आणि वर्गात कुणी विचारलं की तो छाती फुगवून सांगायचा, माझा आहे. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मोहरी माझी होती." इतकंच.

चार वर्षं अशी गेली. पाचव्या वर्षी समाजकार्याच्या वर्गातली एक मुलगी आली. बारीक आवाजाची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'चालेल ना?' जोडणारी. कष्टकरी माणसाच्या आयुष्यावर पाच मिनिटांची फिल्म करा, असं त्यांना सांगितलं होतं. बाकीच्यांनी रस्त्यावरची माणसं गाठली. हिनं आपल्या आत्याला आणलं.

आत्या बुटकी, रुंद, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिनं एकतीस वर्षं चादरी आणि कोट इस्त्री केले होते. भाऊ लवकर गेला, म्हणून भाचीला तिनंच वाढवली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीकडे बघून ती म्हणाली, "ह्यात कोंडणार का मला?"

"पंधरा मिनिटं," फॉर्मबाई म्हणाल्या. "त्याआधी हे ऐका." आणि त्यांनी फॉर्म मोठ्यांदा वाचून दाखवला, एकेका ओळीपाशी थांबून. आत्याला अंक वाचता येत, चादरीवरच्या खुणा वाचता येत, बाकी नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ह्या पोरीच्या अभ्यासापुरतं," ती म्हणाली. "तिच्या वर्गानं ऐकावं, तिच्या मास्तरांनी ऐकावं. जत्रा नको."

बाईंनी तसंच लिहिलं. आत्यानं अंगठा नाही दिला. स्वतःच्या नावाची तीन अक्षरं तिनं कधीतरी शिकून घेतली होती, ती जोर देऊन काढली. तिची प्रत चौकोनी घडी करून तिच्या हातात दिली. घडी तिला पसंत पडली नाही. ती उलगडून तिनं पुन्हा घातली.

मग दार लोटून घेतलं. बाहेरच्या स्पीकरवर मी ते बोलणं ऐकलं, कारण मी उगाच काहीतरी निमित्त काढून खाली गेलो होतो. आत्याला त्या दिवशी सर्दी झाली होती. ती म्हणाली, "मला शाळा मिळाली नाही." मग नाक ओढलं, रुमाल काढला, पुसलं, आणि पुढे म्हणाली, "मिळाली नाही म्हणून माझं काही अडलं नाही. हे नीट लिहून घे. शिकलेले डॉक्टर मी इस्त्री केलेला कोट घातल्यावरच शहाणे दिसायचे. साध्या चादरीची घडी येत नाही त्यांना. मला उलट त्यांचीच कीव यायची."

फॉर्मबाई हसल्या. मी त्यांना त्या कक्षात हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्याच सुमारास विद्यापीठाला पन्नास वर्षं व्हायची होती. जनसंपर्क विभागात एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही झगमग म्हणायचो. त्यांच्या खोलीत दिवसाही चार दिवे लागलेले असत आणि बोलण्यातही तोच उजेड. पन्नास वर्षांची फिल्म करायचं काम त्यांच्याकडे आलं. इमारती झाल्या, हिरवळ झाली, बंद लॅपटॉपकडे बघून हसणारे विद्यार्थी झाले, पण झगमगांचं म्हणणं, "इमोशन नाहीये." इमोशन कुठे मिळेल असं त्यांनी संचालकांना विचारलं. संचालक म्हणाले, आमच्या ग्रंथालयात सगळं मिळतं. आणि विद्यार्थ्यांनी केलेलं काम जिथे साठवलेलं असतं, त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यांनी बाईंना न विचारता काढून दिली. कुंपणानंच शेत खाल्लं ते असं. आवाज नाही, गडबड नाही, एका चिठ्ठीवर.

सभागृहात भर दुपारी फिल्म दाखवली. पहिल्या रांगेत कुलगुरू, मग मान्यवर, मग ज्यांना आपण मान्यवर आहोत असं वाटतं ते, आणि अगदी मागे आम्ही. पाच-सात मिनिटं हिरवळ पाहिल्यावर पडदा काळा झाला. एक सुरकुतलेला हात दिसला. कुणाचा होता देव जाणे. त्याच्यावर भाजल्याचा एकही डाग नव्हता. आणि आवाज आला: "मला शाळा मिळाली नाही." मग नाक ओढल्याचा आवाज. मग व्हायोलिन. आणि अक्षरं उमटली: 'तिच्या अपुऱ्या स्वप्नांसाठी आम्ही आहोत.'

सभागृहात रुमाल निघाले. कुलगुरूंनीही काढला.

"सर्दी होती तिला," फॉर्मबाई म्हणाल्या. मला उद्देशून म्हणाल्या, पण सगळं इतकं चिडीचूप होतं की चार रांगा मागे वळल्या.

दारापाशी पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन ती मुलगी उभी होती. तिला स्वयंसेवक म्हणून घेतलं होतं. तिनं ट्रे खाली ठेवला आणि बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई संचालकांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, आणि ते माझ्या टेबलासमोरच होतं.

"अहो बाई, किती सुंदर परिणाम झालाय!" संचालक म्हणाले. "स्वतः कुलगुरूंनी डोळे पुसले."

"तिनं तसं म्हटलेलं नाही."

"शब्द तिचेच आहेत ना?"

"अर्धे."

"विद्यार्थ्यांचं काम हे विद्यापीठाचंच असतं, बाई. नियम आहे."

"काम असेल. आत्या नाही."

संचालकांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते समजूतदार दिसतात असं त्यांना कुणीतरी एकदा सांगितलं होतं. "तुमचं ते फॉर्मचं कौतुक आम्हाला आहेच. पण तो काही अधिकृत कागद नाही. तुमच्या मनाचा कारभार. विद्यापीठाच्या मोठ्या हितापुढे..."

"माझा नवरा कवळ्या बनवतो," बाई म्हणाल्या. "खोटेच दात, पण तोंडाचं माप घेऊन बसवतो. तुम्ही माप न घेताच दुसऱ्याच्या तोंडात बसवलेत."

त्या वाक्याची किंमत आठ दिवसांत कळली. माध्यम कक्षाची 'पुनर्रचना' झाली आणि बाईंना जुन्या वर्तमानपत्रांच्या कोठारात पाठवलं. सर्वांत वरचा मजला, पत्र्याचं छप्पर, गठ्ठ्यांना कसर लागलेली. तळमजल्यावरून थेट पत्र्याखाली. कक्षातली फॉर्मची फाइल कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनीच कानावर हात ठेवले.

आता माझं सांगतो. मला संचालकांनी बोलावलं. एक कागद तयार होता. त्यावर लिहिलं होतं की, माध्यम कक्षात असा काही फॉर्म नियमितपणे भरून घेतला जात असल्याचं माझ्या पाहण्यात आलेलं नाही. मी जिन्याच्या तोंडाशी बसायचो, माझ्याच डोळ्यांदेखत रोज दहा माणसं तो फॉर्म भरत. माझी मुलगी त्या वर्षी विद्यापीठात प्रवेश घेणार होती. हे कारण नाही. नंतर शोधून काढलेली सबब आहे. खरं कारण इतकंच की साहेबांच्या खोलीत उभं राहिलं की माझा हात आपोआप सही करतो. मी सही केली. पेन चालेना, तर दुसरं मागून घेऊन केली.

फिल्म मग सगळीकडे गेली. प्रवेशाच्या दिवसांत ती चौकातल्या पडद्यावर लागली, बसस्थानकावर लागली, आणि मोठ्या रुग्णालयाच्या बाहेर वाट बघणाऱ्यांसाठी टीव्ही आहे तिथेही लागली. धुलाईखान्यातल्या बायकांनी ती ऐकली. एकतीस वर्षं कानाशी असलेला आवाज त्या ओळखणार नाहीत होय? त्या दिवशी संध्याकाळी चौघीजणी फळं घेऊन आत्याच्या घरी आल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, इतकं मनात साचलं होतं तर आम्हाला नाही सांगायचं?"

आत्याला काही कळेना. भाची स्वयंपाकघरात तोंड लपवून उभी होती. तिला दीड महिना माहीत होतं, पण परीक्षा जवळ आली होती आणि मास्तरांनी सांगितलं होतं, विषय वाढवू नकोस. त्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सकाळी अकरा वाजता दोघी संचालकांच्या दारात उभ्या होत्या, एवढं मी पाहिलं.

"आत्या, माझे पेपर आहेत," मुलगी कुजबुजत होती. "हळू बोल हं, चालेल ना?"

"नाही चालणार," आत्या म्हणाली.

संचालकांनी झगमगांना बोलावून घेतलं. झगमग आले ते दोन्ही हात पसरूनच आले. "मावशी! तुम्ही आमच्या फिल्मचा प्राण आहात!"

"मी तुमची मावशी नाही. मी रडले कधी?"

"म्हणजे..."

"मी विचारते, रडले कधी? आई गेली तेव्हा मी रडले. भाऊ गेला तेव्हा रडले. शाळेसाठी एक टिपूस काढलं नाही मी. चौघी बायका कीव करायला आल्या काल माझ्या घरी. फळं घेऊन! माझी कीव!"

"लोकांना तुमच्याबद्दल प्रेम वाटतं, मावशी."

"माझं उरलेलं वाक्य कुठाय?"

झगमग संचालकांकडे बघायला लागले, संचालक खिडकीकडे. मग संचालक मध पाझरल्यासारखं बोलले. आपण ह्यांचा सत्कार करू. मोठ्या व्यासपीठावर, कुलगुरूंच्या हस्ते. आत्या म्हणाली, सत्कार नको, वाक्य लावा. झगमग म्हणाले, फिल्मची लांबी ठरलेली असते. आत्या म्हणाली, मग हिरवळ कापा.

शेवटी संचालकांनी चष्मा काढला. "हे बघा, तुम्ही परवानगी दिली होती. आमच्या कर्मचाऱ्याचं लेखी निवेदन आहे की वेगळी काही अट वगैरे घालून घेतली जात नव्हती." आणि त्यांनी उघड्या दारातून माझ्याकडे बोट दाखवलं.

आत्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. डाग गेला नाही म्हणून परत धुवायला टाकायच्या चादरीकडे बघावं, तेवढंच.

मग तिनं पिशवीतून कागद काढला. चौकोनी घडी, कडा अशा की बोट कापावं. उघडून टेबलावर ठेवला आणि तळहातानं सपाट केला. 'ह्या पोरीच्या अभ्यासापुरतं.' खाली तीन अक्षरांची सही, तिच्याखाली फॉर्मबाईंची, तारखेसकट. कक्षाची फाइल गडप करणाऱ्यांना दुसरी प्रत आठवली नव्हती. बोलणाऱ्या माणसाकडेही काही कागद असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

संचालकांनी तो दोनदा वाचला. झगमगांनी वाचायला हात पुढे केला, तर आत्यानं कागद उचलून घेतला. "तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही अर्धंच वाचाल."

एवढं झाल्यावर कुणाला वाटेल, माफी मागितली असेल. तसलं काही नाही. तीन आठवड्यांनी मुलीच्या पत्त्यावर दोन ओळींचं पत्र गेलं: 'तांत्रिक कारणास्तव सदर ध्वनी वगळण्यात येत आहे.' आवाज वगळला. त्याच्या जागी पैसे देऊन एक नटी आणली, आणि तिनं तेच वाक्य, 'मला शाळा मिळाली नाही', अगदी खऱ्या अश्रूंसकट म्हटलं. झगमगांचं म्हणणं पडलं की हे पहिल्यापेक्षा सरस आहे, कारण ह्यात नाक ओढल्याचा खरखराट नाही. त्या फिल्मला पुढे कसलंसं पदक मिळालं आणि ते संचालकांच्या खोलीत, त्यांच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात आहे. ज्यांना शाळा खरोखर हवी होती आणि मिळाली नाही, अशी कितीतरी माणसं ह्याच शहरात आहेत. त्यांच्यातल्या एकाकडेही झगमग गेले नाहीत. त्यांना विचारावं लागलं असतं.

मुलीनं आपली फिल्म पुरी केली. आत्याचं सगळं बोलणं, डॉक्टरांच्या कोटासकट, नाक ओढण्यासकट. वर्ग पोट धरून हसला. मास्तरांनी मध्यम गुण दिले आणि शेरा लिहिला: 'भावनिक परिणाम कमी पडतो.' ती आता एका रुग्णालयात नोकरीला आहे. वाक्याच्या शेवटी 'चालेल ना?' अजून म्हणते, पण उत्तराची वाट बघत नाही, असं ऐकतो.

माध्यम कक्षात फॉर्मबाईंच्या जागी नवीन माणूस आला. त्यानं कागद बंद केले. आता पडद्यावर अकरा पानं येतात, खाली एक चौकोन असतो, त्यात टिचकी मारली की सगळ्याला सगळी संमती दिल्यासारखी होते. कुणी वाचत नाही. वाचायला बसलं तर मागची रांग ओरडते. संचालक पाहुण्यांना ते दाखवतात आणि सांगतात, परवानगीच्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत.

तरी काही विद्यार्थी वरच्या कोठारात जातच राहिले. कुणाला आवाजातला खरखराट काढायचा असे, कुणाला मुलाखत कशी घ्यायची ते विचारायचं असे. बाई त्यांना गठ्ठ्यांच्या मध्ये बसवून झापायच्या. तिथे माइक नव्हता, संगणक नव्हता, उकाडा होता. पोरं घामानं निथळून खाली यायची, पण कामाचं काहीतरी घेऊन यायची. खालच्या गार खोलीतून मात्र नुसती टिचकी मारून यायची.

मला तिथे जायला पाच महिने लागले. जिने चार, पण पाच महिने. शेवटी एका शनिवारी, दुपारी सगळे घरी गेल्यावर गेलो. बाई स्टुलावर उभ्या होत्या, तोंडाला रुमाल बांधून कसर झटकत होत्या. मी दारातच उभा राहिलो आणि घरून पाठ करून आणलेलं बोलायला लागलो. त्या कागदाबद्दल, सहीबद्दल, मुलीच्या प्रवेशाबद्दल. माझंच बोलणं मला एखाद्या अर्जासारखं ऐकू येत होतं.

त्या स्टुलावरून उतरल्या आणि त्यांनी रुमाल खाली ओढला.

"किती वेळ चालणार आहे हे?"

"बाई, मला फक्त..."

"तुम्ही सही केलीत. मला कळलं होतं त्याच दिवशी. माफी वगैरे राहू द्या. हात मोकळे आहेत ना? मग हा गठ्ठा वरच्या फळीवर चढवा. माझा खांदा दुखतो."

मी गठ्ठा उचलून स्टुलावर चढलो. जड होता, आणि त्यातून धूळ थेट माझ्या तोंडात गेली. कसाबसा वर सारला, हात झटकले आणि खाली उतरलो.

"उलटा ठेवलाय," त्या म्हणाल्या.

मी परत स्टुलावर चढलो.